अठ्ठेचाळीस घरांना ट्रे दिले, अकरा बागा उरल्या. यंदा काय वेगळं करावं?

हिरवी_खिडकी | ६ जुलै

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. इमारत सात मजल्यांची, अठ्ठेचाळीस घरं. गेल्या वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आम्ही तिघींनी प्रत्येक घराला एक ट्रे, मातीची पिशवी आणि मेथी, पालक, टोमॅटोचं बी वाटलं. वाटण्याआधी पंधरा मिनिटं मी बोलले. ताजी भाजी, ओल्या कचऱ्याचं खत, मुलांना रोप वाढताना बघायला मिळेल, असं सगळं. लोकांना आवडलं. त्याच आठवड्यात एकतीस घरांनी पेरलं आणि ग्रुपवर कोंबांचे फोटो यायला लागले. इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

गणपतीत आरतीच्या निमित्ताने घरोघरी जाणं झालं तेव्हा मुद्दाम ग्रिलकडे बघत गेले. अकरा घरांत काहीतरी जिवंत होतं. बाकी ट्रे रिकामे.

मग वही घेऊन प्रत्येकाला विचारलं, रोप कधी गेलं, कसं गेलं. ते सगळं लिहून काढल्यावर कळलं की घरच्यांनी हयगय केलेली नव्हती, आम्हीच चुकीचं वाटप केलं होतं.

सगळ्यात मोठी चूक उन्हाची. आमची अर्धी घरं दक्षिणेला तोंड करून आहेत, अर्धी उत्तरेला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ग्रिलमधून ऊन थेट हॉलमध्ये येतं. उत्तरेकडच्या घरांत तेव्हा कवडसासुद्धा नसतो. म्हणजे चोवीस घरांना आम्ही सावलीत लावायला मेथी-पालक दिला होता. त्यांचे कोंब लांबुळके, पिवळे झाले आणि आडवे पडले. दक्षिणेकडच्यांचं छान चाललं होतं, पण एप्रिल आला तसा सूर्य वर चढला आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली ग्रिलवर यायला लागली. मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. फेब्रुवारीत पाच तास ऊन खाल्लेलं टोमॅटोचं रोप मे महिन्यात तासाभराच्या उन्हावर कसं तगणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी मला म्हणाल्या, "माझ्या हातून काही उगवतच नाही हो." ते वाक्य फार लागलं मला. वहिनींच्या हाताला काही झालेलं नाही, त्यांची खिडकी उत्तरेला आहे एवढंच.

दुसरं कारण मे महिना. निम्मी इमारत गावी जाते. पंधरा दिवस पाणी नाही म्हटल्यावर सहा इंचाचा ट्रे राहतोय कसला. तिसरं कारण कबुतरं. कोवळा पालक दिसला की ती सोडत नाहीत.

उरलेल्या अकरांत आम्ही दिलेलं बी फक्त चार घरांत होतं. बाकी सात घरांत पानओवा, अळू, गवती चहा, कढीपत्ता, असं त्यांचं त्यांनीच कुणाकडून तरी आणून लावलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मायाळू तर ग्रिलवरून चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय आणि त्या वरच्यांना सांगतात, "तुमच्याकडे आलेली पानं तुमची, खुडा."

यंदा गणपतीनंतर पुन्हा करायचं मनात आहे. तुमच्या सोसायटीत, चाळीत, ओळखीत कुणी लोकांना घरी भाजी लावायला लावलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. नुसतं "छान उपक्रम" नको, चुकलेलंही सांगा.

वसईची_वाडी | ६ जुलै

ताई, उन्हाचं निरीक्षण एकदम बरोबर. त्याच्या जोडीला हंगामही धरा.

माणसांना भाजी लावायची हुक्की येते कधी? भाव कडाडले की. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेला तेव्हा माझ्याकडे दादर-अंधेरीहून कितीतरी जण रोपं मागायला आले. मी नाही दिली. मुंबईच्या जुलैत टोमॅटो लावून काय मिळणार? पावसाने मूळ कुजतं, फूल गळतं. भाव ज्या महिन्यात चढतात त्या महिन्यात ते पीक इथे होत नसतं, बऱ्याचदा म्हणून तर चढतात.

आमचं वाडीतलं गणित सांगतो. टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी गणपतीत टाकायचं, नवरात्राच्या आसपास रोपं कुंडीत हलवायची, नाताळपासून संक्रांतीपर्यंत तोडा. थंडीच्या रात्री टोमॅटोला मानवतात. रात्री गरम व्हायला लागल्या की फूल येतं पण फळ धरत नाही, तेव्हा मार्चनंतर त्याच्यामागे लागू नये. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर दसऱ्यापासून होळीपर्यंत बिनघोर. उन्हाळ्यात लाल माठ, भेंडी. पावसाच्या तोंडाला वेल: काकडी, पडवळ, दोडका, कारलं. अळू आणि मायाळू यांना पाऊस म्हणजे माहेर.

२६ जानेवारीला वाटलेल्या टोमॅटोच्या बियांना फळ धरायला एप्रिल उजाडतो. वेळ गेलेली होती. गणपतीनंतरचा तुमचा बेत योग्य आहे.

अनघा_दहिसर | ६ जुलै

मी विरुद्ध बाजूने बोलते, राग मानू नका. सकाळी ७:१२ ची लोकल, घरी यायला साडेआठ. दोन वर्षांपूर्वी हौसेने सगळं आणलं. कुंड्या, माती, खत, जाळी मिळून तीन हजारांच्या वर गेले. त्यातून निघालं काय, तर चार जुड्या मेथी आणि मूठभर मिरच्या. स्टेशनबाहेर तीस रुपयांत जुडी मिळते. पैसे वाचतील म्हणून सांगितलं गेलं होतं, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. लोकांना वळवायचं असेल तर हे आधी खरं सांगायला हवं.

हिरवी_खिडकी | ६ जुलै

अनघा, राग कसला, हेच हवं होतं. माझ्या पंधरा मिनिटांत "भाजीचा खर्च कमी होईल" हे वाक्य होतं. यंदा ते काढून टाकते.

खतवाली_चेंबूर | ७ जुलै

अनघाचा हिशेब खरा आहे. ग्रिलमधली बाग चार माणसांचं घर पोसत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते, म्हणजे चौघांना दिवसाला १६०० ग्रॅम. दोन ट्रेमधून ते निघणं शक्य नाही. पण कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरची, ओवा, गवती चहा, लसणीची पात हे जिन्नस आपण चिमूटभर वापरतो आणि विकत आणताना जुडीने आणतो, मग उरलेलं फ्रीजमध्ये काळं पडतं. घरी लावायचं ते हे. हवं तेव्हा चार पानं खुडायची.

आणि मातीवर, खतावर पैसे घालूच नका. मी देवनारच्या अलीकडे राहते. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली तेव्हाचा धूर आमच्या घरात शिरला होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, माझ्या सासूबाईंचा दमा तेव्हापासून वाढला तो वाढलाच. त्या मैदानावर १९२७ पासून शहराचा कचरा पडतोय. त्यानंतर मी भाजीचं एक देठ घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. बाग खताच्या मागून आली.

करायचं ते सोपं आहे. झाकणाची एखादी जुनी बादली, बुडाला आणि बाजूला भोकं. खाली सुक्या पानांचा चार बोटं थर. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्याच्या दुप्पट आकारमानाची सुकी पानं किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वर पसरायचं. दोन दिवसांनी एकदा खालवर करायचं. वास आला तर हवा कमी पडतेय किंवा पाणी जास्त झालंय, सुकी पानं वाढवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच आहे. जाड करड्या अळ्या झाल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, कचरा भराभर खातात, माणसाला काही करत नाहीत. ज्यांना बघवत नाही त्यांनी सुकं वाढवावं, अळ्या कमी होतात. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या मातीसारख्या वासाचं खत होतं.

सुकी पानं जानेवारी ते मार्च गोळा करून ठेवावी लागतात. आमच्या झाडूवाल्या मावशी गोण्या भरून देतात, त्यांचंही वाहून न्यायचं ओझं कमी होतं. २०१७ पासून पालिकेने २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलंय. आसपास अशी मोठी सोसायटी असेल तर विचारून बघा, तयार खताचं करायचं काय हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो.

चाळकरी_गिरगाव | ७ जुलै

धागा वाचतोय, पण सगळे ग्रिल, गॅलरी, गच्चीबद्दल बोलताय. आमची दहा बाय बाराची खोली. गॅलरी सामाईक, तिथे कुंडी ठेवली की जायच्या-यायच्या वाटेत येते आणि भांडण होतं. खिडकीची कड वीतभर. आमच्यासारख्यांनी काय लावायचं? खरंच विचारतोय, मुलीला फार हौस आहे.

किनाऱ्यावरची | ७ जुलै

दादा, समुद्रमेथी लावा!

बाजारात कोळणींजवळ, भाजीवाल्यांजवळ छोट्या छोट्या जुड्या दिसतात ना, मुळासकट, टोकाला दोनच पानं, बुडाला वाळू लागलेली? ती. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत दाट पेरतात आणि बोटभर झाली की उपटतात. माझी आजी हे करायची, मी तिच्या हाताखाली शिकले. मेथीदाणे किराण्यातलेच. रात्रभर भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मोड दिसतो. मिठाईचा प्लास्टिकचा डबा घ्या, बुडाला पाच-सहा भोकं, त्यात दोन बोटं वाळू आणि माती अर्धी-अर्धी. समुद्राची वाळू खारट असते, घेतलीत तर गोड्या पाण्याने चार वेळा धुवा. दाणे एकमेकांना चिकटतील इतके दाट पसरा, वरून हलकी माती, ओलं फडकं दोन दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर. मग खिडकीच्या वीतभर कडेवर आणा. आठ-दहा दिवसांत काढायला येते. इतक्या कोवळ्या वयाला दाण्यातल्याच साठ्यावर वाढ होते, म्हणून थोडा उजेड पुरतो, कडक ऊन लागत नाही.

मुळं कापून पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर दाताखाली कचकच. लसूण, हिरवी मिरची, कांदा परतून त्यात ही मेथी, वरून ओलं खोबरं. सुका जवळा घातलात तर जेवण दुसरं काही लागत नाही. मुलीला दर रविवारी एक डबा पेरायला सांगा, दर आठवड्याला एक वाटी भाजी तिच्या हातची.

लसणीच्या पाकळ्या पेल्यात पाणी घालून ठेवल्या तरी पात येते. ती पोह्यांवर घालायची.

चाळकरी_गिरगाव | ७ जुलै

मेथीदाणे आजच भिजत घातले. मुलगी दर तासाला फडकं उघडून बघतेय.

सिव्हिल_काका | ८ जुलै

गच्चीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. चाळीस वर्षं बांधकामात गेली, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून डिझाईन करतात. आता ओल्या मातीचं वजन बघा. एक चौरस मीटर वाफा, फूटभर खोल, साध्या लाल मातीने भरला आणि पाऊस पडला, तर पाचशे किलोच्या घरात जातो. तिपटीहून जास्त. लोक म्हणतात, "एवढी वर्षं काही झालं नाही." स्लॅब एका दिवसात काही सांगत नाही.

म्हणून गच्चीवर मातीचे वाफे नकोत. अर्ध्या फुटाच्या ट्रेमध्ये कोकोपीट, सुक्या पानांचं खत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण. कुंड्या मध्यभागी गोळा न करता कडेने, तुळई असेल त्या रेषेवर, अंतर ठेवून. खाली विटा किंवा स्टँड, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि वॉटरप्रूफिंगला मुळं भिडणार नाहीत. छज्जावर एकही कुंडी नको, तो एका बाजूनेच धरलेला असतो. ग्रिलच्या बाहेर लोंबणारी कुंडी तर नकोच, सातव्या मजल्यावरून पडली तर खाली कुणाचं तरी मूल असतं. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी वाचा, मग गच्चीचा विचार करा. गच्ची सर्व सभासदांची असते, सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. गळती झाली की पहिलं बोट बागेकडे जातं.

हिरवी_खिडकी | ८ जुलै

काका, पाचशे किलोचा आकडा वाचून पोटात गोळा आला. आमच्या गच्चीवर तीन विटांचे वाफे करायचा विषय निघाला होता. कमिटीला तुमचा प्रतिसाद छापून देते.

पोर्टवाला | ९ जुलै

गच्चीवर माती न घालताही बाग होते याचं मोठं उदाहरण आपल्याच शहरात झालंय. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या, फळझाडं वाढवली. त्याच्याही आधी वांद्र्याच्या डॉ. दोशींनी उसाच्या रसवाल्यांकडची चिपाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, वर जेमतेम माती घालून भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. चिपाडं रसवंतीवाला फुकट देतो. हलकी असतात, पाणी धरून ठेवतात. मी ड्रममध्ये खाली दोन तृतीयांश चिपाडं भरतो. तीन-चार महिन्यांत ती बसतात, मग वरून भर घालायची.

मूळ विचार कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचा. त्यांच्या पद्धतीतलं अमृतजल हे पातळ खत असं: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस सावलीत ठेवून रोज दोन-तीनदा ढवळायचं. चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. सुकी पानं त्यात चोवीस तास भिजवून रचली की लवकर कुजतात. शेण मी आरेतल्या तबेल्यातून आणतो. फ्लॅटमध्ये पूर्ण प्रमाणात करू नये, दशांश करा. वास येत नाही असं मी म्हणणार नाही, पहिले दोन दिवस येतो.

अनघा_दहिसर | ९ जुलै

पाण्याचं काय? जूनमध्ये कपात लागली की आम्हाला प्यायचं पाणी पुरवून वापरावं लागतं. भातसा-तानशा धरणांवर अवलंबून राहायचं आणि ते पाणी कुंडीत घालायचं, मनाला पटत नाही.

खतवाली_चेंबूर | ९ जुलै

तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी. आमच्या घरी त्याची एक बादली रोज होते आणि सगळी बाग त्यावरच आहे. एसीचं पाणीही चालतं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात, मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात.

कुंड्यांच्या वर सुकी पानं, नारळाच्या शेंड्या पसरल्या की पाणी बरंच कमी लागतं. गावी जाताना मी सगळ्या कुंड्या मोरीजवळ सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवते आणि शेजारच्या काकूंना किल्ली देते. ताई, मे महिन्यासाठी "पाणी घालणारी जोडी" ठरवा. प्रत्येक घराला एक जोडीदार घर.

डास_नको | १० जुलै

कुंडीखालच्या बशा!! डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आमच्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी तिघांना डेंग्यू झाला तेव्हा पालिकेच्या माणसांना अळ्या एका तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत सापडल्या. बाग करा, मनापासून करा, पण पावसाळ्यात बशा काढून टाका. निदान आठवड्यातून एकदा सगळ्या बशा पालथ्या करून, घासून, वाळवायच्या. पाण्याचे ड्रम झाकलेले. लोकांना पत्रक द्याल त्यात हे पहिल्या ओळीत घाला.

हिरवी_खिडकी | १० जुलै

पहिल्या ओळीतच घालते. आमच्या दाराशी पण तपासणी होते, लोकांना भीती आहेच. बशी नसलेले ट्रे द्यायचे असं ठरवते.

वसईची_वाडी | ११ जुलै

एक सुचवू का ताई? बी वाटू नका. रोप वाटा, तेही वाढलेलं.

नवख्या माणसासाठी बी ते रोप हा सगळ्यात नाजूक टप्पा. धणे घ्या: न रगडता पेरले तर दहा-दहा दिवस काही दिसत नाही, माणूस हिरमुसतो. (रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजवायचे.) त्यापेक्षा पानओव्याची फांदी द्या, हातात घेतली तर जगते. पुदिन्याचं देठ, गवती चहाचा फुटवा, अळूचा कंद, मायाळूची काडी, तोंडलीची काडी. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही, कुणाच्या तरी घरी आधीच वाढलेलं असतं. तोंडली तर एकदा लागली की वर्षानुवर्षं राहते, फक्त ऊन आणि चढायला ग्रिल हवं. पहिलं पान खाल्लं की माणूस दुसरं मागायला येतो. मग द्या मेथीचं बी.

आणि दुधी-दोडका लावणाऱ्यांना सांगून ठेवा: त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात. सातव्या मजल्यावर तेव्हा परागीभवनाला कोण येणार? नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं. मादीच्या फुलामागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ओळखा. एवढं न केल्याने कळी पिवळी होऊन गळते आणि लोक खत कमी पडलं म्हणून खत ओतत बसतात.

किनाऱ्यावरची | ११ जुलै

+१. आमच्याकडे पानओवा असाच पसरला. एकीने भजी केली, डबा चार घरी गेला, आठवड्यात चौघींनी फांदी नेली. भाषण कुणी केलंच नाही.

रुळांशेजारी | १२ जुलै

घरी पालक का लावते ते सांगते. मी रुळांच्या कडेला राहते. रुळांलगतची ती हिरवीगार शेती रेल्वेच्या "अधिक धान्य पिकवा" योजनेतून सुरू झालेली, रेल्वे कर्मचाऱ्यांना कसायला दिलेली जमीन. कसणाऱ्यांची मेहनत मी रोज बघते, पहाटे चारला उठून काढणी करतात, त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण आमच्या समोरच्या पट्ट्यात पाणी नाल्यातून उपसलेलं असतं, तेही डोळ्यांनी दिसतं. म्हणून धाकट्याच्या वरणात घालायचा पालक तेवढा घरचा. दोन ट्रे आहेत, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरते, बाहेरची पानं खुडते, मधला गाभा ठेवते. तेवढ्यावर त्याचं भागतं.

हिरवी_खिडकी | १४ जुलै

सगळ्यांचं वाचून काल वही नव्याने केली. ठरलं ते असं.

आधी ऊन मोजायचं. आमच्याकडच्या आठवी-नववीच्या सहा मुलांना प्रत्येक ग्रिलमध्ये ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं ते लिहायला सांगितलंय. आत्ता ढग आहेत, म्हणून उघडीप मिळेल त्या दिवशी आणि मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा. उत्तरेच्या घरांना अळू, पानओवा, पुदिना. दक्षिणेच्यांना मिरची, टोमॅटो, मेथी. रोपं आपल्याच अकरा घरांतून. आजी मायाळूच्या काड्या द्यायला तयार आहेत, कढीपत्त्याखाली उगवलेली पिल्लं दोघांकडे आहेत. यंदा पैसे लागतील ते फक्त कबुतरजाळीला.

सभा, भाषण काही नाही. आम्ही तिघी प्रत्येकी चार घरं धरणार, बस. बारा घरं. त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा चहाला जायचं आणि रोप बघायचं. गेल्या वर्षी वाटून झाल्यावर गणपतीपर्यंत मी कुणाच्या घरी फिरकलेच नव्हते, ते आता फार जाणवतंय.

चाळकरी_गिरगाव | १७ जुलै

समुद्रमेथी आज काढली. वाटीभर झाली. मुलीने शाळेच्या डब्यात नेली आणि तीन मैत्रिणींनी डबा रिकामा करून परत दिला. गॅलरीतल्या दोन घरांनी मिठाईचे डबे मागून घेतलेत.

तिसरा_मजला | ९ नोव्हेंबर

नमस्कार. मी हिरवी_खिडकी ताईंच्या इमारतीत राहते, वर ज्या उत्तरेच्या खिडकीबद्दल लिहिलंय ती माझी. गणपतीनंतर मला अळूचे दोन कंद मिळाले. आता सहा पानं आहेत, त्यातल्या दोन मोठ्या पानांना कालपासून भोकं पडतायत. दिवसा काही दिसत नाही. फवारायला काही आणू का? वडीपुरती पानं झाली होती, म्हणून जीव कळवळतोय.

वसईची_वाडी | ९ नोव्हेंबर

वहिनी, काही आणू नका. रात्री नऊ-दहाला मोबाईलचा दिवा घेऊन पानांच्या खालच्या बाजूला बघा. पानं खाणारी अळी रात्री बाहेर येते, दिवसा मातीत किंवा देठाच्या बेचक्यात दडते. एक किंवा दोनच असतील, चिमटीने काढून टाका. अंड्यांचा पुंजका दिसला तर तो बोटाने पुसून घ्या. भोकं पडलेली पानं फदफद्यात चालतात, वडीला नवी पानं आठवड्यात येतील. कंद मात्र हलवू नका.